काठ कापण्याआधी

आपल्याकडे वस्त्राची किंमत काठावरून ठरते. दुकानात पैठणी उलगडली की बघणारीचा हात आधी काठाकडे जातो, मग पदराकडे आणि सर्वांत शेवटी अंगाकडे. लुगडे विरले तरी त्याचे काठ शाबूत राहतात. ते जपून काढायचे आणि पोलक्याला, नाहीतर नातीच्या परकराला लावायचे, ही घराघरांतली जुनी रीत. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला कोणी सांगितले की, जगात काही लोक पत्त्यांचा नवा कोरा, चांगला महागाचा कॅट विकत आणतात आणि खोक्यातून काढल्याबरोबर त्यातल्या प्रत्येक पानाचे चारही काठ कापून केराच्या टोपलीत टाकतात, तर त्याला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. पण असे लोक आहेत आणि ते थोडेथोडके नाहीत.

हे पत्ते रमीचे किंवा बदाम सातचे नव्हेत. हे टॅरोचे पत्ते. अमेरिका आणि युरोपात टॅरो बाळगणाऱ्या हौशी मंडळींमध्ये 'काठ कापावेत की नाही' हा चांगला जुना वाद आहे. कापणारे म्हणतात, चित्राभोवतीची ती पांढरी पट्टी डोळ्यांत खुपते, चित्र कोंडल्यासारखे दिसते आणि पान मुठीत मावत नाही. न कापणारे म्हणतात, जे जसे छापले तसेच राहू द्यावे. कात्री लावणे म्हणजे वस्तूची विटंबना. एरवी एकमेकांना पत्त्यांचा अर्थ गोडीने सांगणारी ही माणसे या प्रश्नावर मात्र हमरीतुमरीवर येतात.

टॅरो म्हटले की आपल्याकडेही लगेच दोन तट पडतात. एक भविष्य विचारणाऱ्यांचा आणि दुसरा त्याला हसणाऱ्यांचा. पत्ता काढून उद्या काय होणार ते कळते, यावर माझा काडीचाही विश्वास नाही. रस्त्याच्या कडेला बसलेल्या पोपटवाल्याच्या पाकिटात आणि टॅरोच्या पानात त्या बाबतीत डावे-उजवे करण्यासारखे काही नाही. पण आज मुद्दा भविष्याचा नाही. मुद्दा असा की, एक छापील, सुबक, दुसऱ्या कोणी घडवलेली वस्तू आपण पैसे देऊन घरी आणली. आता ती कितपत आपली? तिला कात्री लावण्याचा अधिकार आपल्याला आहे का, आणि असला तर तो कोठे संपतो? हा प्रश्न टॅरोच्या पानावर जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसतो. आजोबांचा फोटो फ्रेममध्ये बसवताना, जुने मासिक बांधायला टाकताना, आजीची पैठणी कापून उशांचे अभ्रे शिवताना आपण तोच प्रश्न न विचारता सोडवून मोकळे होतो.

काठ आला कोठून?

टॅरोचा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीत झाला, आणि तो भविष्यासाठी नव्हे तर खेळण्यासाठी झाला. नेहमीच्या पत्त्यांसारखे यातही चार रंग असतात; फक्त त्यांची चिन्हे वेगळी. कांडी, पेले, तलवारी आणि नाणी. प्रत्येक रंगाची चौदा पाने, म्हणजे ५६. त्यांच्या जोडीला २१ चित्रपाने, जी कायमची हुकमाची, आणि एक 'मूर्ख'. सगळी मिळून ७८. मेंढीकोट खेळणाऱ्या माणसाला हा खेळ समजावून सांगायला फार वेळ लागू नये. फ्रान्समध्ये तो आजही चवीने खेळला जातो. भविष्याचे लचांड त्याला चिकटले ते अठराव्या शतकात. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान आहे, असे छापून टाकले. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी युरोपात कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियाँने ती उलगडायला १८२२ साल उजाडावे लागले. तोवर पुरावा मागणार कोण? कहाणी सुखाने नांदली आणि अजून नांदते आहे.

आता काठाकडे वळू. पत्ता म्हणजे एकावर एक चिकटवलेले कागदाचे थर. तो रोज हाताळला, पिसला, आपटला जातो आणि पहिला मार बसतो तो कडेला. थर सुटतात, कोपरे पिंजतात. इटलीतल्या जुन्या कारागिरांनी यावर एक साधी युक्ती काढली होती. पानाचा पाठचा कागद पुढच्यापेक्षा थोडा मोठा ठेवायचा आणि त्याच्या कडा पुढच्या बाजूवर दुमडून चिकटवायच्या. वहीला कव्हर घालताना आपण करतो तसेच. त्या दुमडलेल्या पट्टीमुळे पानाभोवती आपोआप एक किनार दिसू लागे. म्हणजे ही किनार शोभेची नव्हती, संरक्षणाची होती. साडीला फॉल लावतात त्यामागचा विचार याहून वेगळा नाही. आपल्या हस्तलिखित पोथ्यांत चहूबाजूंनी समास सोडलेला असतो, त्याचाही एक उपयोग हाच. ओल, कसर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोटे या सगळ्यांचा त्रास समासाने सोसायचा आणि अक्षर वाचवायचे.

पुढे यंत्रावर छपाई आली. एका मोठ्या तावावर अनेक पाने छापायची आणि मग ताव कापून ती सुटी करायची. कापणी एखाद्या मिलिमीटरने हलली तर चित्राचाच तुकडा जायचा. भोवती कोरी पट्टी ठेवली की चित्राला धक्का लागत नाही. दुमडलेली कड गेली, पण काठ राहिला. आता तो छापखान्याच्या सोयीचा झाला. आज कागदावर चकचकीत लेप असतो, कापणीची यंत्रे अचूक असतात, त्यामुळे काठाचे मूळ कारण बरेचसे संपले आहे. कारण संपले तरी रीत उरते, हे आपल्याला नवे नाही.

हा काठ किती जागा खातो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. टॅरोचे नेहमीचे पान साधारण बारा सेंटीमीटर उंच आणि सात सेंटीमीटर रुंद असते. काठ चहूकडून पाच मिलिमीटरचा धरला, तर ८४ चौरस सेंटीमीटरांपैकी १८ चौरस सेंटीमीटर काठातच जातात. म्हणजे पानाचा एक पंचमांशाहून जास्त भाग. नुसत्या पाच मिलिमीटरांकडे पाहिले तर हे ध्यानात येत नाही. काठ कापलेली चार पाने एकमेकांना लावून मांडली की एकदम जाणवते. एकातले आभाळ दुसऱ्यातल्या आभाळाला मिळते, एकातल्या माणसाची नजर शेजारच्या पानातल्या माणसावर जाते. कापणाऱ्यांना हेच हवे असते आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

नाव नसलेली चित्रकर्ती

ज्या संचावर ही कात्री चालवली जाते, त्यांत 'रायडर-वेट' हा सर्वांत प्रसिद्ध. तो १९०९ च्या डिसेंबरात लंडनला निघाला. यातले रायडर म्हणजे प्रकाशक, विल्यम रायडर आणि सन ही पेढी. वेट म्हणजे आर्थर एडवर्ड वेट, गूढविद्येवर लिहिणारे गृहस्थ; संचाची कल्पना त्यांची. आणि चित्रे? ती पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. अठ्ठ्याहत्तर पानांवर एकूण एक रेघ त्यांची, आणि संचाच्या नावात मात्र त्या कोठेच नाहीत.

पामेलाबाईंचा जन्म १८७८ चा. आईवडील अमेरिकन, जन्म लंडनचा, लहानपणाची काही वर्षे जमैकात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये त्या चित्रकला शिकल्या. जमैकातल्या लोककथा त्यांनी स्वतः लिहून, स्वतः चित्रे काढून १८९९ साली प्रसिद्ध केल्या. एलेन टेरी या नामवंत नटीच्या नाटकमंडळीत त्यांची ऊठबस होती. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या मोठ्या छायाचित्रकाराच्या न्यूयॉर्कमधल्या कलादालनात तोवर फक्त छायाचित्रे लागत. १९०७ साली तिथे छायाचित्रांखेरीज दुसरे काही पहिल्यांदा लागले, ते या बाईंचे काम. म्हणजे त्या कोणी हौशी, घरबसल्या चित्रे काढणाऱ्या नव्हत्या. टॅरोचे काम त्यांनी १९०९ साली काही महिन्यांत पुरे केले आणि त्याच वर्षी स्टीग्लिट्झला लिहिलेल्या पत्रात काम फार मोठे आणि पैसे फार थोडे असल्याचे कळवले.

त्यांनी केले काय, ते समजून घेण्यासारखे आहे. तोवरच्या बहुतेक संचांत ५६ साध्या पानांपैकी राजा-राणीची पाने सोडली तर बाकीच्यांवर नुसती चिन्हे असत. तलवारीच्या तिर्रीवर तीन तलवारी, पेल्यांच्या पंजीवर पाच पेले. पामेलाबाईंनी या प्रत्येक पानावर एक प्रसंग उभा केला. पेल्यांच्या पंजीवर काळा झगा पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन पेले लवंडलेले, आणि पाठीमागे दोन अजून उभे, जे त्याला दिसतच नाहीत. हे कळायला टॅरो यावे लागत नाही. घरात नुकसान झालेले असताना जो माणूस असा उभा राहतो, तो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. नाटकाच्या नेपथ्याची जाण असलेल्या हाताचे हे काम आहे. पुढच्या शंभर वर्षांत निघालेल्या असंख्य संचांनी याच चित्रांची उचल केली.

बाईंना त्यातून काय मिळाले? १९५१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातल्या ब्यूड या गावी त्या वारल्या, तेव्हा डोक्यावर कर्ज होते. ते फेडायला त्यांचे सामानसुमान विकले गेले. टॅरोची मूळ चित्रे आज उपलब्ध नाहीत. १९७१ पासून अमेरिकेतल्या यू. एस. गेम्स सिस्टिम्स या कंपनीने हा संच छापायला घेतला आणि तो जगभर गेला. पण तेव्हाही नाव 'रायडर-वेट'च. संचाच्या शंभरीला, २००९ साली, त्याच कंपनीने काढलेल्या आवृत्तीला 'स्मिथ-वेट' म्हटले, तेव्हा कोठे चित्रकर्तीचे नाव पुढे आले.

आता यात काठाचा संबंध कोठे येतो? तो असा. पामेलाबाईंनी जवळपास प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात आपली खूण घातली आहे. पी, सी आणि एस ही तीन अक्षरे एकमेकांत गुंतवून केलेली, सापाच्या वेटोळ्यासारखी एक लहानशी सही. ती काठावर नाही, चित्राच्या आत आहे. गवतात, दगडात, जमिनीवर. काठावर ज्यांनी आपली अक्षरे घातली ते मागाहून आलेले: हक्काची सूचना, साल, कंपनीचे नाव. त्यामुळे कोणी नीट कापले, तर जाते ते प्रकाशकाचे आणि राहते ते चित्रकर्तीचे. ज्या बाईचे नाव शंभर वर्षे खोक्यावर आले नाही, तिची सही मात्र कात्रीनंतरही पानावर उरते.

पण हे 'नीट' फार महत्त्वाचे. ती सही कोपऱ्यात, अगदी चौकटीच्या रेषेला खेटून असते. दोन मिलिमीटर आत गेले की पामेलाबाई दुसऱ्यांदा गेल्या. म्हणून कापणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हे की, चित्राभोवतीची काळी रेषा राखा. तिच्या बाहेरचा पांढरा कागद छापखान्याचा आहे, तो गेला तर दुःख नाही. रेषेच्या आतले सगळे बाईंचे आहे.

सहाशे चोवीस वेळा

काम दिसते तितके सोपे नाही. ७८ पाने आणि प्रत्येकाच्या चार बाजू, म्हणजे ३१२ काप. काप दिले की चारही कोपरे टोकदार होतात आणि पिसताना बोटांना लागतात, लवकर दुमडतात. म्हणून ते छोट्या पंचने गोल करायचे. ते आणखी ३१२. एकूण ६२४ वेळा हात उचलायचा आणि एकदाही चुकायचे नाही. एक पान बिघडले तर कॅट अपुरा झाला.

घरची साधी कात्री यात उपयोगाची नाही. तिचा काप नागमोडी येतो. पोलादी पट्टी, खाली जाड रबरी चटई आणि नवे पाते बसवलेला कटर, किंवा कचेरीत कागद कापायला असते तसले पट्टीवर सरकणारे यंत्र, ही साधने. पाते जुने झाले की कागद कापण्याऐवजी फाडते आणि वरचा लेप उचलला जातो. एका दमात जोर लावण्यापेक्षा हलक्या हाताने दोन-तीन वेळा पाते फिरवावे. वेळ वाचवायला चार-पाच पाने एकावर एक ठेवून कापण्याचा मोह होतो. पात्याच्या दाबाने खालची पाने सरकतात आणि प्रत्येक पान वेगळ्या मापाचे निघते. खोक्यात बहुधा एखादे जाहिरातीचे किंवा कोरे पान जादा असते. पहिला हात त्याच्यावर चालवावा. कापल्यावर कागदाची पांढरी कड उघडी पडते. काही जण ती शाईच्या पेनने काळी करतात. शाई जास्त झाली तर ती चित्रात उतरते, तेव्हा इथेही हात आवरताच हवा.

माप का सांभाळायचे, याचे कारण पत्त्यांच्या स्वभावात आहे. पुढून प्रत्येक पान वेगळे आणि पाठीमागून सगळी पाने सारखी, यावरच पत्त्यांचा सगळा डोलारा उभा आहे. एखादे पान अर्ध्या मिलिमीटरने आखूड झाले, तर पिसताना ते बोटाला कळते. लबाड जुगाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पाने एका टोकाला अगदी किंचित निमुळती कापायची, हवे ते पान उलट दिशेने फिरवून ठेवायचे आणि मग गठ्ठ्यातून चिमटीने नेमके ओढून काढायचे, ही त्यांची जुनी कला. घरी बसून सद्भावनेने काठ कापणारा माणूस हात हलला की नकळत तोच खुणेचा कॅट तयार करतो. पाठीवर नक्षी असेल तर आणखी एक भानगड. पुढच्या चित्राच्या मापाने कापले की पाठची नक्षी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी राहते, आणि पान पालथे असतानाही ओळखू येते.

एवढे करून मिळते काय? मला वाटते, खरी मिळकत कापलेल्या पानात नसून कापण्यात आहे. ७८ चित्रे एकेक करून हातात धरायची, रेषा कोठून सुरू होते आणि कोठे संपते ते पाहायचे, सही शोधायची आणि मग पाते लावायचे. इतक्या बारकाईने छापील चित्र आपण एरवी कधी पाहतो? तयार वस्तूंनी घर भरत चालले आहे आणि त्यातल्या बहुतेक वस्तूंना आपण खोके उघडताना आणि फेकताना असा दोनदाच हात लावतो. अशा दिवसांत एखाद्या बाजारी वस्तूवर चार संध्याकाळ खर्च करणारा माणूस मला वेडा वाटत नाही.

एक आणि अनेक

मग सरसकट कापावे का? नाही. इथे न कापणाऱ्यांची बाजू ऐकायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे.

टॅरोच्या सर्वांत जुन्या पानांपैकी काही १४५० च्या सुमारास मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी हाताने रंगवलेली, सोन्याचा वर्ख लावलेली आहेत. त्यातली ७४ आज उरली आहेत आणि ती न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, इटलीतल्या बेर्गामो गावचे कारारा कलासंग्रहालय आणि तिथलेच कोलेओनी घराणे यांच्याकडे विभागलेली आहेत. त्या पानाच्या काठाला कोणी कटर लावला तर आपण त्याला काय म्हणू? तिथे काठ आणि चित्र यात फरकच नाही, कारण तसे दुसरे पान नाही.

असे घडलेलेही आहे. रेम्ब्रांटचे 'नाइट वॉच' हे १६४२ चे जगप्रसिद्ध चित्र १७१५ साली ॲम्स्टरडॅमच्या नगरभवनात हलवले, तेव्हा ते ठरलेल्या भिंतीवर मावेना. म्हणून चारही बाजूंनी कापले. डाव्या बाजूची मोठी पट्टी गेली, तिच्यावरच्या माणसांसह. त्या पट्ट्या पुन्हा कधी सापडल्या नाहीत. काय गेले ते आपल्याला कळते, कारण कापण्यापूर्वी गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने त्याची लहान नक्कल करून ठेवली होती. तिच्या आधारावर २०२१ साली तिथल्या राइक्स म्युझियमने संगणकाच्या मदतीने हरवलेला भाग जुळवून दाखवला. नक्कल होती म्हणून अस्सलाचा पत्ता लागला.

यावरून कोणी म्हणेल, प्रश्न सुटला. अस्सल असेल तर कापू नये, छापील असेल तर खुशाल कापावे. पण तेही पुरते खरे नाही, आणि याचा दाखला आपल्याच घरात आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांनी महाराष्ट्रातली किती देवघरे आणि किती बैठकीच्या खोल्या भरल्या, त्याला गणती नाही. चित्राखालच्या समासात चित्राचे आणि छापखान्याचे नाव छापलेले असे. फ्रेमवाल्याकडे तयार चौकट लहान असली की तो विचारत नसे; समास उडवून चित्र बसवून देई. तेव्हा त्यात कोणाला काही वाटले नाही. चित्र बाजारात पैशाला पासरी होते! आज तीच चित्रे जमवणारे लोक समासासह सापडलेली प्रत तळहातावर घेऊन बसतात, कारण ती कोठे आणि कोणी छापली हे सांगणारी ओळ त्या समासातच होती. 'अनेकांपैकी एक' हा दर्जा कायमचा नसतो. सगळेच कापत गेले की न कापलेली प्रत दुर्मीळ होते.

आणि काठ हा दरवेळी छापखान्याचाच असतो असेही नाही. सावंतवाडीची गंजिफा घ्या. गोल पान, हाताने रंगवलेले, वरून लाखेचे रोगण. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पाने, अशी १२० पाने. ही कला विझत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. या गंजिफेत दरबारी पानांना नक्षीदार किनार असे आणि बाजारी पाने बिनकिनारीची. म्हणजे तिथे किनार हीच पानाची पायरी सांगणारी खूण. ती चित्रकाराने रंगवलेली, चित्राइतकीच चित्रकाराची. पाश्चात्त्य टॅरोतही असे संच आहेत, ज्यांत काठावर वेलबुट्टी किंवा चिन्हे चित्रकाराने मुद्दाम काढलेली असतात आणि आतल्या चित्राला ती पुरी करतात. तिथे काठ कापणे म्हणजे ओव्यांच्या पोथीतली शेवटची ओळ खोडण्यासारखे आहे.

मग करावे काय?

माझे मत असे. वस्तू वापरण्यासाठी घेतली असेल, तर तिला आपल्या हाताजोगी करून घेण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे. नव्या पातेल्याच्या कडीला आपण दोरा गुंडाळतो, कोयत्याची मूठ तासून घेतो, तयार कपड्याला टीप मारतो. पत्त्याचा काठ त्याहून पवित्र नाही. वस्तूला देव्हाऱ्यात बसवणे हा तिचा मान राखण्याचा एकमेव मार्ग नव्हे. वापरून झिजवणे हाही मानच आहे.

पण अधिकार वापरण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला, ही प्रत गेली तर दुसरी मिळेल का? दुकानात आजही मिळणारा संच असेल तर कापा. आजोळच्या ट्रंकेत सापडलेला, जुना, ज्याचे छापील साल पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे आहे असा असेल, तर त्याच्याकडे कटर घेऊन जाऊ नका. हल्ली प्रकाशकच बिनकाठाचे संच काढतात, त्यातला एक आणा. दुसरा, या काठावर कोणाचे काय आहे? निव्वळ कोरा कागद आहे, कंपनीची सूचना आहे, की करणाऱ्याची सही, नक्षी, तारीख? तिसरा, हे मी कशासाठी करतो आहे? हाताला सोपे जावे, चित्र मोकळे दिसावे, हे कारण चांगले. इतरांनी केले म्हणून, किंवा बसल्या बसल्या कंटाळा आला म्हणून, हे कारण वाईट. कापलेला कागद परत चिकटत नाही.

हे तीन प्रश्न पत्त्यांपुरते नाहीत. आजोबांचा स्टुडिओत काढलेला जुना फोटो ज्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो, त्याच्या खालच्या कडेला स्टुडिओचे आणि गावाचे नाव असते. नवी फ्रेम लहान म्हणून तो पुठ्ठा कापला की आजोबा उरतात, पण ते तेव्हा कोणत्या गावी होते हे सांगणारा शेवटचा साक्षीदार जातो. जुनी मासिके बांधायला दिली की बाइंडर कडा सरळ करण्यासाठी यंत्राखाली धरतो आणि वडिलांनी समासात पेन्सिलीने लिहिलेले अर्धे शब्द कातरणात जातात. त्याला दोष देऊन उपयोग नाही. 'समासाला हात लावू नका' हे आपण सांगायचे असते.

आणि टॅरोचे काठ कापायचेच ठरवले असेल, तर एक काम जरूर करावे. प्रकाशकाचे नाव काठाबरोबर गेलेले असते आणि चित्रकर्तीची सही इतकी लहान असते की अनोळखी डोळ्याला ती गवताची काडी वाटावी. तेव्हा कापलेली पाने खोक्यात परत ठेवताना झाकणाच्या आतल्या बाजूला पेनने दोन ओळी लिहाव्यात. हा संच कोणी, कधी कापला, ही एक ओळ. आणि दुसरी: चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची, १९०९.